टिश्यू एका वेळी एकच निघावा यासाठी डबा कसा हवा

प्रश्न असा आहे: साताऱ्याजवळ महामार्गालगत सेल्फ-सर्व्हिस हॉटेल आहे, चाळीसेक माणसं बसतात. टेबलांवर स्टीलचे स्प्रिंगवाले टिश्यू डबे आहेत. डबा भरलेला असला की टिश्यू फाटतात, अर्ध्यावर आला की एकदम पाच-सहा हातात येतात आणि शेवटचे काही आतच अडकून बसतात. एमआयडीसीतून २० डबे नव्याने करून घ्यायचे आहेत. स्प्रिंग बदलावी की डबाच, आणि मापं काय द्यावीत?

डबाच बदला. पण फॅब्रिकेटरकडे जायच्या आधी कागद बदला. बहुतेक जण उलटं करतात: आधी छानसा चकचकीत डबा पसंत करतात आणि मग बाजारात त्या आठवड्यात जो पुडा स्वस्त मिळेल तो त्यात कोंबतात. टिश्यू एकच निघतो की पाच, हे निम्म्याहून जास्त त्याच्या घडीवर ठरतं, उरलेलं पहिल्या टिश्यूवर किती दाब पडतो यावर. डब्याचं काम एवढंच की हा दाब थोडा असावा आणि भरलेल्यापासून रिकाम्यापर्यंत तेवढाच राहावा.

स्प्रिंगवाल्या डब्यात नेमकं हेच होत नाही. स्प्रिंग जितकी दाबाल तितकी ती जास्त ढकलते. समजा आतली ढकलपट्टी १२ सेंमी सरकते आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला ५ ग्रॅमने जोर धरते. डबा गच्च भरल्यावर पट्टी मागे ६०० ग्रॅम दाबाने उभी असते, संपत आला की जवळपास शून्य. पहिला टिश्यू दोन्ही अंगांनी घासतो: पुढे डब्याच्या तोंडाच्या स्टीलच्या कडेला, म्हणजे ओठाला, मागे दुसऱ्या टिश्यूला. स्टीलशी घर्षण दाबाच्या ०.३ पट आणि कागदाशी ०.५ पट धरलं, तर तो बाहेर काढायला ६०० × ०.८ म्हणजे ४८० ग्रॅमची ओढ लागते. दोन बोटांच्या चिमटीत धरलेला एकपदरी पातळ टिश्यू एवढं सोसत नाही, मग तुकडा हातात आणि बाकीचा आत. उलट डबा अर्धा रिकामा झाला की दाब उतरतो, गठ्ठा ओठांच्या मागे ढिला पडतो, आणि पहिल्याबरोबर मागचे चार लोंबत बाहेर येतात. आणि अगदी शेवटी पट्टी पुढच्या ओठांना जाऊन टेकते. मधले राहिलेले टिश्यू त्या दोघांत चिमटले जातात. तुमच्या तिन्ही तक्रारी या एकाच कारणातून येतात.

आता घडी. तुम्ही वापरता तो बहुधा ३० × ३० सेंमीचा, चार पदरांत दुमडून १५ × १५ झालेला, शंभराचा पुडा. हा टिश्यू ताटाशेजारी ठेवण्यासाठी केलेला असतो, ओढून काढण्यासाठी नाही. एक हातात घेऊन चारी कडा नीट बघा. एकाच कडेला सगळे पदर बंद आहेत. तिच्या शेजारच्या एका कडेला दोन वेगवेगळ्या घड्या दिसतात, बाकीच्या बाजूंना पदर सुटे. डब्याच्या तोंडातून गिऱ्हाईक मधोमध चिमटी घालतं तेव्हा बोटांत चारपैकी वरचा एकच पदर येतो. तो ओढला जातो, घडी उघडते, खालचे तीन पदर ओठांत अडकतात. फाटणारच. डबा कितीही भारी असला तरी या घडीतून दरवेळी एकच काढून देईल असा नाही.

एकेक काढायचा असेल तर एकमेकांत गुंतवलेली घडी लागते, म्हणजे चेहरा पुसायच्या टिश्यूच्या खोक्यात असते तशी. बाजारात तिला पॉप-अप किंवा इंटरफोल्ड म्हणतात. प्रत्येक कागद मधोमध एकदाच दुमडलेला असतो आणि त्याचा अर्धा भाग पुढच्या कागदाच्या घडीत शिरलेला असतो. वरचा ओढला की त्याचं शेपूट खालच्याचं डोकं वर आणतं आणि फटीशी सोडून देतं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीन-चार सेंमीचा कागद उभा तयार असतो, तेही मागच्याच्या बोटांचा स्पर्श न होता.

हा कागद महाग पडतो असं दुकानदार सांगेल. नगावर भाव विचारू नका, वजनावर हिशोब करा. ३० × ३० सेंमीचा एकपदरी १८ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८ ग्रॅम) टिश्यू म्हणजे ०.०९ चौरस मीटर गुणिले १८, साधारण १.६ ग्रॅम. २० × २० सेंमीचा दोनपदरी, प्रत्येक पदर १४ जीएसएम, म्हणजे १.१ ग्रॅम. कागद कमी, पण बोटांखाली दोन पदर, त्यामुळे तेल आणि ओल जास्त टिपली जाते. कडक, एका बाजूने चकाकणारा जो 'हार्ड टिश्यू' मिळतो तो तर टिपण्यापेक्षा पसरवण्याचंच काम करतो. वडापाव, सँडविच, कंदी पेढे अशा खाण्याला २० × २० पुरेसा आहे. रश्श्याची मिसळ जास्त खपत असेल तर थोडा मोठा घ्या, नाहीतर लोक दोन घेतील आणि तुमचा फायदा तिथेच संपेल.

खरेदीआधी तीन-चार नमुने आणून एक साधी चाचणी करा. टिश्यूचं एक टोक चिकटपट्टीने टेबलाला पक्कं करा, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा (तो दोन बोटांच्या चिमटीसारखं काम करतो), आणि चिमट्याला सामान तोलायच्या डिजिटल काट्याचा हूक अडकवून हळू ओढा. फाटताना आकडा किती होता ते लिहा. मग कागद आडवा फिरवून पुन्हा. दोन आकड्यांत चांगलाच फरक दिसेल, कारण कागदाला धागा असतो: यंत्रावर तो ज्या दिशेने धावला त्या दिशेने मजबूत, आडवा कमजोर. हाताने पट्टी फाडूनही कळतं. सरळ रेषेत फाटला तर धाग्याच्या दिशेने, वेडावाकडा फाटला तर आडवा. गुंतवलेल्या घडीचे टिश्यू दोन्ही तऱ्हेचे मिळतात, घडी धाग्याला समांतर असलेले आणि काटकोनात असलेले. ओढ धाग्याच्या दिशेने पडेल ते, म्हणजे घडी धाग्याला काटकोनात असलेले, मागून घ्या. डब्यातून काढायला लागणारी ओढ ही या चाचणीतल्या कोरड्या आकड्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, एवढं धरून चाला. ओल्या बोटांनी कागदाची बहुतेक ताकद जाते, म्हणून एवढा वाव ठेवावा लागतो.

आता डबा. माझी शिफारस स्प्रिंग अजिबात न घालण्याची आहे. टिश्यूचा गठ्ठा आडवा ठेवायचा आणि त्यावर एक सुटी, हलकी चौकट ठेवायची. चौकटीच्या मध्यावर फट. कागद संपत जाईल तशी चौकट आपल्या वजनाने खाली उतरते. वरच्या कागदावर दाब पडतो तो फक्त चौकटीच्या वजनाचा, मग खाली दीडशे कागद असोत की पाच. जे स्प्रिंगला जमत नाही ते एका पत्र्याच्या तुकड्याला जमतं, आणि बिघडायला त्यात काही नाही.

मापं द्यायची ती आतली द्या आणि कागदावर तसं लिहा. 'आतलं माप, बेंडिंगनंतर'. नाहीतर पत्रा वाकवताना दोन-तीन मिमी खाल्ले जातात आणि चौकट अडकते. २० × २० चा कागद घडीनंतर २० × १० सेंमी होतो. पण छापील माप आणि खरं माप यांचा संबंध सैल असतो. तीन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले पुडे पट्टीने मोजा, सगळ्यात मोठा धरा आणि दोन्ही दिशांना ६ मिमी वाढवा. म्हणजे आत साधारण २०६ × १०६. याहून घट्ट केलं तर कडा भिंतीला घासतात, सैल केलं तर गठ्ठा तिरका होतो आणि गुंतवलेली घडी एका बाजूने सुटते. उंची १५० मिमी ठेवा. हलक्या दाबाखाली असे शंभर कागद चार-साडेचार सेंमी भरतात, तेव्हा दीडशेला साडेसहा सेंमी. तीनशेचा डबा करायचा मोह होईल. करू नका, कारण चौकट जितकी खोल जाईल तितका गिऱ्हाइकाचा हात आत जातो. याच कारणासाठी दोन्ही लांब भिंतींना वरून ७० मिमी रुंद आणि ५० मिमी खोल, तळाशी गोलाई असलेली खाच द्या, म्हणजे गठ्ठा खाली गेला तरी बोटं पोचतात.

चौकट ०.५ मिमी पत्र्याची, २०२ × १०२, म्हणजे चारी बाजूंना २ मिमी मोकळीक. कडा २५ मिमी वर वळवलेल्या हव्यात. या वळवलेल्या कडा शोभेच्या नाहीत. सपाट पत्रा एका टोकाला ओढला गेला की कलतो आणि तिरक्या बसलेल्या ड्रॉवरसारखा अडकतो. उभी कड भिंतीला टेकून त्याला सरळ ठेवते. मधली फट कापून गेल्यावर या चौकटीचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास येतं. वरच्याच हिशोबाने १३० × ०.८ म्हणजे ओढ सुमारे १०० ग्रॅम. स्प्रिंगच्या भरल्या डब्यात ती ४८० होती.

फटीवर सगळा खेळ आहे. आकार सरळ चिरेचा नको, डोळ्यासारखा हवा: लांबी १३० मिमी, मध्ये रुंदी ४० मिमी, टोकांकडे निमुळता, पण टोकं अणकुचीदार नाहीत, ५ मिमी त्रिज्येची गोल. मध्यभागी चिमटीला जागा मिळते आणि निमुळत्या टोकांमध्ये कागद हलकेच धरला जातो, त्यामुळे पुढचा कागद परत खाली पडत नाही. फट अरुंद झाली तर कागद टोकापाशी फाटतो. रुंद झाली तर दोन-दोन निघतात किंवा वर आलेला घसरून आत जातो. फटीच्या कडेला लेझरने कापताना उरणारी खरखरीत धार (बर) राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही टिश्यूचे धागे तिथे अडकतात. कडेवरून जुना टिश्यू किंवा कापूस फिरवून बघा. एकही तंतू अडकला तर परत पॉलिशला. हाताने तपासू नका, बोट कापतं.

लोखंड कापायच्या आधी पुठ्ठ्याचा डबा करा. हे सांगितलं की लोक हसतात, पण २० नग चुकीचे कापून आले की हसू येत नाही. खोक्याच्या जाड पुठ्ठ्यातून आतल्या मापाचा डबा चिकटवा. चौकट प्लॅस्टिकच्या फाइलच्या कव्हरातून कापा. ती फारच हलकी होते, म्हणून तिच्यावर दहा रुपयांची नाणी चिकटपट्टीने लावत जा. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. चार नाण्यांपासून सुरुवात करा, दोन-दोन वाढवा आणि प्रत्येक वजनाला वीस कागद ओढा. कमी वजनाला दोन-दोन निघताना दिसतील, जास्त वजनाला फाटताना. मधला जो पट्टा नीट चालतो त्याच्या मध्यावर वजन ठरवा. तुमच्या कागदाला १३० ऐवजी ९० ग्रॅम लागतील, तर चौकटीच्या वळवलेल्या कडा छाटण्याऐवजी चौकटीला भोकं पाडून वजन उतरवा. फटीचा आकारही असाच दोन-तीन कव्हरं कापून पक्का होतो. एक संध्याकाळ पुरते.

बाहेरचा डबा ०.८ मिमी पत्र्याचा, बाजारात २२ गेज म्हणतात त्याचा. स्टेनलेसचा ग्रेड ३०४ मागा. २०२ ग्रेड दिसायला तसाच असतो, चुंबकही दोन्हींना धड लागत नाही, म्हणून चुंबकाची परीक्षा इथे कामाची नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या किंवा भंगारवाले करतात तशी रसायनाच्या थेंबाची परीक्षा करायला सांगा. लिंबू, मीठ आणि रोजचा ओला फडका यांत २०२ वर तांबूस डाग लवकर येतात. आरसा पॉलिश नको. बोटांचे ठसे दिसतात आणि पोऱ्या दिवसभर तेच पुसत बसतो. मॅट घ्या. वरच्या सगळ्या उघड्या कडा ६ ते ८ मिमी आत दुमडून बंद करायला सांगा.

वजनाचा हिशोब सांगतो, कारण इथे फसगत होते. या मापाच्या डब्याला साधारण ०.१४५ चौरस मीटर पत्रा लागतो. ०.८ मिमी जाडीला चौरस मीटरमागे ६.३ किलो धरा. म्हणजे डबा ०.९ किलो, चौकटीसह एक किलोच्या थोडा वर. रुंदी फक्त साडेदहा सेंमी असल्यामुळे कोणी तिरकं, अर्धा किलोच्या जोराने ओढलं तर रिकामा डबा कलंडतो. तळात २०० × १०० × ३ मिमीची साधी लोखंडी पट्टी रंग देऊन स्क्रूने बसवा, ४७० ग्रॅम वाढतात आणि डबा उभा राहतो. स्टेनलेसची पट्टी इथे लागत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २० डब्यांना निव्वळ २.९ चौरस मीटर पत्रा लागतो. आठ बाय चार फुटी पत्रा २.९८ चौरस मीटरचा. फॅब्रिकेटर म्हणेल एका पत्र्यात बसतंय. बसत नाही. कापण्यात जाणारं धरलं तर १६-१७ निघतात. एक तर १६ वर थांबा किंवा दुसरा पत्रा घेऊन त्यात हात धुण्याच्या जागेचे डबेही काढून घ्या.

कारण, टिश्यूची खरी उधळपट्टी टेबलावर होत नाही, बेसिनपाशी होते. आपल्याकडे माणूस खाऊन झालं की हात धुतो आणि तेच टिश्यू टॉवेल म्हणून वापरतो. ओल्या हाताला पातळ टिश्यू चिकटतो, फाटतो, पुन्हा दोन घेतले जातात, एका माणसामागे चार-पाच सहज. बेसिनजवळ टेबलाचा डबा ठेवूच नका. तिथे जाड कागदाचा, साधारण ३५ ते ४० जीएसएमचा घडीचा हँड टॉवेल, भिंतीवरच्या खालून काढायच्या डब्यात लावा. खालून काढायच्या डब्यात सगळ्या गठ्ठ्याचं वजन तोंडावर येतं. पातळ टिश्यूला ते झेपत नाही, या कागदाला झेपतं. तरीही डब्यात वरपर्यंत ठासून भरू नका. आतल्या बाजूला दोन तृतीयांशावर खूण करून तिथेच थांबा.

टेबलाच्या डब्याला खाली चार रबरी पाय, किमान ८ मिमी उंच. टिश्यू ओला होतो तो पावसाने कमी, टेबल पुसणाऱ्या फडक्याने जास्त. फडका डब्याच्या बुडाशी येऊन थांबतो, पाणी बुडाच्या सांध्यातून शिरतं आणि खालचे दहा-वीस कागद शोषून घेतात. पाय असले की फडका खालून जातो. तळाला कोपऱ्यांत ५ मिमीची दोन भोकं ठेवा, शिरलेलं पाणी निघून जाईल.

साताऱ्याच्या पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. महाबळेश्वर-कासच्या बाजूने येणारी हवा दोन-दोन दिवस ओलसर राहते, आणि पातळ कागद हवेतली ओल घेऊन लुळा पडतो. लुळा कागद उभा राहत नाही, फटीतून परत आत पडतो, आणि एकमेकांना चिकटून दोन-दोन निघतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डब्यात एका दिवसाचाच कागद भरा. बाकीचे पुडे प्लॅस्टिक न फोडता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीवर नाही. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी दिवसातून तीनदा भरावं लागलं तरी चालेल, ओला कागद वाया घालवण्यापेक्षा ते परवडतं. वाऱ्याचा त्रास या डब्यात कमी आहे, चौकट धरून ठेवते. फक्त वर आलेलं टोक पंख्याने फडफडत राहतं, म्हणून डबा पंख्याच्या बरोबर खाली नको.

भरणं हे पोऱ्याचं काम, आणि चांगल्या डब्याची बदनामी इथेच होते. पुडा फोडला की गठ्ठा दोन्ही हातांत धरून पत्ते पिसताना वाकवतात तसा दोन-तीनदा वाकवायचा. कारखान्यात कापायचं पातं बोथट झालं की कागदांच्या कडा दाबून एकमेकांना चिकटतात. वाकवल्याने त्या सुटतात. दुसरं, डब्यात आधीचे कागद शिल्लक असताना वर नवा गठ्ठा नुसता ठेवला तर साखळी तुटते: नव्या गठ्ठ्यातला शेवटचा कागद निघून जातो आणि जुन्यातला पहिला खालीच बसून राहतो. मग गिऱ्हाईक बोटं घालून उकरतं. म्हणून नव्या गठ्ठ्याच्या सगळ्यात खालच्या कागदाची लोंबती अर्धी घडी उघडायची, जुन्यातल्या सगळ्यात वरच्या कागदाचा सुटा भाग तिच्यात सरकवायचा आणि मग गठ्ठा खाली टेकवायचा. दहा सेकंदांचं काम आहे. शेवटी चौकट ठेवून वरचा पहिला कागद फटीतून चार सेंमी बाहेर काढून ठेवायचा. हे करून दाखवा, सांगून होत नाही.

चौकट सुटी आहे म्हणजे कोणीही उचलून मूठभर टिश्यू घेऊ शकतो. त्यासाठी वर चौकटीपेक्षा लहान तोंड असलेलं, चारी बाजूंनी १२ मिमी आत येणारं झाकण, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला ड्रॉवरचं साधं कुलूप. वीसही डब्यांना एकच चावी लागेल असंच कुलूप मागा, नाहीतर आठवड्यात सगळी कुलपं उघडीच राहतील. एका अरुंद भिंतीला १० मिमी रुंद उभी खिडकी कापा. चौकटीच्या वळवलेल्या कडेवर लाल पट्टी चिकटवा आणि खिडकीशेजारी तळापासून २५ मिमीवर खूण करा. लाल पट्टी खुणेशी आली की काउंटरवरूनही दिसतं.

पहिला एकच नग करून घ्या आणि शंभर ओढींची परीक्षा घ्या: पूर्ण भरलेला असताना चाळीस, अर्ध्यावर चाळीस, शेवटच्या वीस कागदांना वीस. निम्म्या ओढी कोरड्या हाताने, पाव ओल्या, पाव तेलकट हाताने. भडंग खाल्लेला हात यासाठी उत्तम. प्रत्येक ओढीला एकच निघाला, दोन निघाले, फाटला की आत पडला, याच्या काड्या मांडा. शंभरात दोन-दोन निघालेले तीनपेक्षा जास्त नकोत, कोरड्या हाताने फाटलेला एकही नको. ओल्या हाताने दोन-तीन फाटतील, ते सोडून द्या. दोन-दोन जास्त निघाले तर आधी गठ्ठा नीट वाकवला होता का बघा, मगच फट अरुंद करायला जा. फाटतोय तो फटीच्या टोकापाशी की बोटांपाशी, हेही लिहा. टोकापाशी असेल तर दोष पत्र्याचा, बोटांपाशी असेल तर कागदाचा. शेवटच्या वीसमध्येच अडचण आली तर चौकट तळाशी कुठेतरी टेकते आहे, बहुधा वेल्डिंगच्या गाठीवर.

गोदामात जुने १५ × १५ घडीचे पुडे पडून असतील तर ते पार्सलच्या काउंटरवर संपवा, जिथे टिश्यू तुमचा माणूस स्वतः पिशवीत टाकतो.

आणि जुने स्प्रिंगचे डबे लगेच भंगारात घालू नका. नवे येईपर्यंत त्यांची स्प्रिंग बदलता येते. स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. १ मिमीऐवजी ०.८ मिमीची तार घेतली की जोर ४१ टक्क्यांवर येतो, आणि वेटोळ्यांची संख्या दुप्पट केली की त्याचाही निम्मा. म्हणजे दर मिलिमीटरला ५ ऐवजी सुमारे १ ग्रॅम. मोकळी लांबी ६ सेंमी जास्त ठेवली तर रिकाम्या डब्यातही ६० ग्रॅमचा जोर शिल्लक राहतो आणि भरल्यावर तो १८० पर्यंतच जातो. एवढी वेटोळी दबून जागा खातात, म्हणून ती शंकूसारखी गुंडाळून घ्या, एकात एक बसतात. पट्टी पुढच्या ओठांच्या २ मिमी अलीकडेच थांबेल असा दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू लावा. घडी तीच चार पदरांची राहणार, तेव्हा टिश्यू एकच निघेल असं नाही, पण भरलेल्या डब्यातली फाटाफाट थांबेल आणि शेवटचे वीस-पंचवीस आत कुजणार नाहीत.